जिभेखालचे दाणे

बाबा डुकराची जीभ ओढून तिच्या खालून बोट फिरवायचे आणि सांगायचे, पास की नापास. म्हणून गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. शाळेत नोकरी मी करते, तिथलं वाचनालय सांभाळते, पण मास्तर ते आणि मी मास्तरांची मुलगी. याचं त्यांना आतून फार सुख होतं. कुणी तसं म्हटलं की ते खाली बघून चपलेतला खडा काढल्यासारखं करायचे.

मंगळवारी टेम्पोवाला आला. आमच्या गल्लीत आठ घरं, आणि प्रत्येक घरामागे दोन-चार डुकरं. दिवसभर ती मोकळी फिरतात, उकिरड्यावर, नाल्यात, घरांच्या मागे, आणि संध्याकाळी खरकटं मिळतं म्हणून आपल्या आपण परत येतात. त्या दिवशी अकरा विकायची होती. काकांच्या अंगणात दोन माणसं एकेका डुकराला आडवं पाडत होती. वरच्या सुळ्यांमागे दोरीचा फास, पाठीवर गुडघा. डुक्कर असं ओरडतं की नवख्या माणसाला वाटावं कापतायत. बाबांचा आवाज मात्र त्या गोंधळातही चढत नसे.

"आ कर. बघू. शाबास, झालंच."

त्यांच्याकडे वीतभर लांबीचा एक दांडका होता, हाताळून गुळगुळीत झालेला आणि मधोमध दातांच्या खुणांनी खडबडीत. तो जबड्यात आडवा घालायचा, जुन्या चादरीच्या तुकड्याने जीभ धरायची, बाजूला ओढायची, उजेडात बघायची. मग डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळे मिटणं हे लोकांना नाटक वाटे. मला एकदा त्यांनी सांगितलं होतं की डोळे उघडे असले की बोट आळशी होतं. रोग असला की जिभेच्या कातडीखाली तांदळाएवढे दाणे लागतात, टणक नाहीत, दाबले की सरकणारे. असे दाणे असले की मांसभर तेच असतात.

पहिली चार पास झाली. मग काकांची तीन ओळीने नापास.

"अहो मास्तर," टेम्पोवाला म्हणाला, "एखाद्याला ग्रेसचे मार्क द्या की. घरचीच मुलं आहेत."

"घरची आहेत म्हणूनच कान धरतोय."

काका हसले नाहीत. ते बाबांचे धाकटे भाऊ. मधली भिंत आणि नळ सामाईक. ते म्हणाले, "दादा, परत एकदा बघ. तुझं बोट हल्ली फार कडक झालंय."

बाबांनी परत बघितलं. तिन्ही. परत तेच सांगितलं.

शेवटी आमची पांढरकानी आणली. माझ्या आईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, कारण तिची आई तिच्यावर लोळली होती. पांढरकानी ओरडलीसुद्धा नाही. बाबांनी डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ मिटलेले ठेवले.

"नापास," ते म्हणाले. काकांच्या तिघींच्या वेळी जसं म्हणाले होते तसंच.

टेम्पोवाल्याने नापासांसाठी वेगळी ठेवलेली दोरी काढली आणि त्या चौघींना टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात बांधलं. नापास डुक्कर फेकून देत नाहीत. ते अर्ध्या भावात जातं, पण जातं त्याच टेम्पोतून, त्याच शहरात. बाबांचं काम भाव ठरवण्यापुरतं होतं. ते मांस पुढे कुणाच्या ताटात पडतं हे त्यांच्या बोटाच्या हातात नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना सलायची. मी अठरा वर्षांची असताना शिकायला शहरात निघाले, तेव्हा बसच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी एकच सांगितलं होतं. अभ्यास कर नाही, जपून राहा नाही. "शहरात मांस खाऊ नकोस. माझे नापास तिकडेच जातात." मी हो म्हणाले होते.

टेम्पो गेल्यावर त्यांनी नळाखाली हात धुतले. कोपरापर्यंत, साबणाने दोनदा, नखांत काडी घालून. चाळीस वर्षं ते असेच धूत आले होते आणि आईलाही धुवायला लावत आले होते. "तुमचे हात धुऊन होईपर्यंत जेवण थंड होतं," ती म्हणायची, आणि मग स्वतःही धुवायची. आमच्या घरात मांस शिजायचं ते हाडापासून सुटेपर्यंत. पाहुणे त्याची थट्टा करत. लापशी केलीय की मांस, असं विचारत.

मी त्यांना काकडी चिरून नेली. हे माझं रोजचं काम होतं. शाळेतून आले की एक काकडी सोलायची, उभी चिरायची, मीठ भुरभुरवायचं आणि ती बशी पायरीवर त्यांच्या शेजारी ठेवायची. जेवण आईचं, काकडी माझी. त्यांचे पुढचे दात गेले होते, म्हणून मी बारीक चिरायची.

"चार वर्षांमागं या गल्लीत एक नापास निघत नव्हता," ते म्हणाले. "आता बघ. बरं, डुकरं तीच, उकिरडा तोच. बाहेरून एक पिल्लू आणलं नाही कुणी. मग हे आलं कुठून?"

मी बशी त्यांच्याजवळ सरकवली.

"तुझ्या पुस्तकांत असेल काहीतरी. बघशील?"

"बघते," मी म्हणाले.

त्यांनी बशी रिकामी केली, तळाशी उरलेलं खारट पाणी प्यायले आणि पांढरकानीच्या रिकाम्या खुराड्याचं दार उगाचच लावून आले.

पुस्तकांत मी तीन वर्षांपूर्वीच बघितलं होतं.

शहरातलं शिक्षण संपवून घरी परत आल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. एका सकाळी घरामागच्या संडासात मला ते दिसले. सपाट, पांढरे, नखाएवढे तुकडे, तीन-चार एकमेकांना जोडलेले. ओल्या कागदाच्या पट्टीसारखे. मी पाणी ओतलं. दुसऱ्या आठवड्यात परत दिसले. शाळेच्या वाचनालयात आरोग्यावरचं एक जाडं पुस्तक आहे, ते मुलं चित्रांसाठी काढतात आणि गुपचूप परत ठेवतात. मी ते घरी आणलं नाही. शाळा सुटल्यावर, कपाटाच्या आड उभी राहून वाचलं.

त्यात होतं की डुकराच्या मांसातले दाणे कच्चे पोटात गेले तर माणसाच्या आतड्यात लांब चपटा किडा वाढतो, आणि तो वर्षानुवर्षं राहतो, त्रास असा काही देत नाही. त्याचे तुकडे गळतात, त्यांत अंडी असतात. ती अंडी उघड्यावरून डुकराच्या पोटात गेली की डुकराला दाणे होतात. पान उलटलं तर पुढे आणखी होतं. तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, किडा असलेल्याच्या हातातून, अन्नातून, तर माणसालाही दाणे होतात. क्वचित मेंदूत.

क्वचित हा शब्द मी पुन्हा वाचला. मग पुस्तक मिटलं. पुढची तीन वर्षं मी त्या एका शब्दावर काढली.

कुठून आला ते मला ठाऊक होतं. निकाल लागला त्या संध्याकाळी आम्ही चौघी मैत्रिणी वसतिगृहाखालच्या गाडीवर गेलो होतो. काड्यांना टोचलेले मांसाचे तुकडे, बाहेरून करपलेले आणि आतून गुलाबी. मी बाबांना हो म्हटलेलं विसरले नव्हते. आठवत असूनच खाल्लं. पहिल्या घासानंतर मला वाटलं होतं, किती साधी गोष्ट आहे, आणि घरी केवढं अवडंबर. मग पुढेही बरेचदा खाल्लं. ते डुक्कर आमच्याच गल्लीतलं होतं असं म्हणायला काही आधार नाही. शहरात टेम्पो सगळीकडून येतात. पण नव्हतं असंही म्हणता येत नाही.

मी शहरातल्या दुकानातून जंताची गोळी आणली. दुकानदाराला सांगितलं, शाळेतल्या मुलांसाठी. त्याने विचारलं, किती मुलं, मी म्हटलं, एकच. गोळीने तीन महिने काही दिसलं नाही. नंतर दिसलं तेव्हा मी खाली बघणंच बंद केलं. डॉक्टरकडे जायचं तर सांगायला लागलं असतं, आणि इथे एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं. मास्तरांच्या मुलीच्या पोटात किडा. त्यांचं बोट ज्याला चाळीस वर्षं शोधत होतं तो त्यांच्याच घरात, पुस्तकं वाचत बसलेला. मला ते हसणं आधीच ऐकू यायचं.

हात मी धुवायची. पण बाबांसारखे नाही. आणि संडासाचं पत्र्याचं दार डुकरं नाकाने उचलून आत जायची, हे गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यावर विनोदही होते.

बुधवारी सकाळी बाबा नळावर तोंड धूत असताना पडले. आधीही दोनदा असं झालं होतं, हात थरथरणं, मिनिटभर भान जाणं. दोन्ही वेळेला ते म्हणाले, उन्हाने झालं. या वेळी झटके थांबले नाहीत. काकांनी आणि मी त्यांना धरलं. त्यांचे दात आवळले होते. काका ओरडले, "जीभ चावेल, जीभ," आणि आत पळत जाऊन तो दांडका घेऊन आले. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. अशा वेळी तोंडात काही घालायचं नसतं, हेही मी वाचलं होतं. मला बरंच ठाऊक होतं.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टरांनी काळी फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली. बाबांच्या डोक्याचा आडवा छेद, अक्रोडासारखा, आणि त्यात पांढरे ठिपके. डॉक्टर पेनने मोजत होते. मला मोजायची गरज नव्हती. ते तांदळाएवढे होते.

"काही जुने आहेत," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन वर्षांचे. आता भोवती सूज आलीय. डुकरं पाळता का?"

"हो," आई म्हणाली. "पण आम्ही नीट शिजवून खातो."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मधे एकदा शुद्धीवर आले होते. आईला म्हणाले, पांढरकानीचं खुराडं चुन्याने धुऊन घे. माझ्याकडे बघून म्हणाले, "सापडलं का पुस्तकात?" मी म्हणाले, "अजून नाही." त्यांनी मान हलवली, जणू काही घाई नव्हती.

दहा-बारा दिवसांनी आरोग्य केंद्राच्या सिस्टर आल्या. त्यांच्या पिशवीत झाकणाच्या छोट्या डब्या होत्या, प्रत्येकीवर कागद चिकटवलेला. पारावर माणसं जमली. सिस्टर चांगल्या होत्या, आवाज मोठा आणि बोलणं सरळ.

"सकाळचं परसाकडचं या डबीत द्यायचं, तपासायचं आहे. लाजू नका, मी वीस वर्षं हेच काम करतेय. डबीत सोनं भरून आजवर मला कुणी दिलेलं नाही."

हशा पिकला. मग त्यांनी समजावलं. मांसातून पोटात किडा होतो. डोक्यात जातात ती अंडी, आणि ती डुकरातून नाही, माणसातून येतात. "म्हणजे मास्तरांच्या घरात कुणाच्या तरी पोटात किडा होता. त्यांच्या स्वतःच्याही असू शकतो. स्वतःचीच अंडी स्वतःच्या हाताने पोटात जातात, असंही होतं."

त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. गल्लीने दुसरी उचलली. ती सोयीची होती, कारण गेलेल्या माणसाला डबी द्यायची नसते.

दोन दिवसांत सगळं ठरून गेलं. मास्तर बाहेर खात होते. नापास डुकराचा वाटा टेम्पोवाला त्यांना पोचवत होता. म्हणूनच तर एवढी डुकरं नापास होत होती. चांगली डुकरं नापास करायची, भाव पाडायचा आणि मांडीचा तुकडा घ्यायचा. काका हे नळावर उभे राहून बोलले, आमच्या खिडकीकडे पाठ करून, पण आवाज खिडकीकडेच.

"माझ्या तीन पोरी उगाच गेल्या. भाऊ म्हणून गप्प बसलो."

आमच्या घरात दोन डब्या होत्या. आईने तिची भरून दिली. मी माझी धुऊन, पुसून, रिकामी परत केली, शाळेच्या घाईत जमलं नाही म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "बरं, गोळ्या तर घ्या. सगळ्यांनाच देतेय." आईच्या डबीत काही निघालं नाही. मी गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली. या वेळी मी खाली बघितलं. चार हात लांब, पांढरा, फितीसारखा, एका टोकाला सुतासारखा बारीक होत गेलेला. मला किळस येईल असं वाटलं होतं. मी तिथे बसून राहिले आणि मला एवढंच वाटलं की हा आमच्या घरातला पाचवा माणूस होता. मग मला कळेना की चौथा कोण. आम्ही तीनच होतो. मी तेव्हा नीट विचार करू शकत नव्हते.

मला वाटलं होतं, लोकांचं बोलणं आई मनावर घेणार नाही. ती गल्लीला ओळखून होती. पण सिस्टरांनी सांगितलेलं तिने शब्दाला शब्द लावून ऐकलं होतं. घरात तीन माणसं. तिची डबी साफ. मी तर शिकलेली, मास्तरांची मुलगी, मी कशी असेन. उरले ते.

ती रडायची थांबली. ते मला आधी बरं वाटलं, मग कळलं काय झालंय. तिने त्यांची जेवायची थाळी मोरीखालच्या भांड्यांत टाकली. ज्या पायरीवर ते बसायचे ती फिनाईलने धुतली. एकदा भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाळीस वर्षं मला नळावर उभं केलं माणसानं. थंडीत हात फुटायचे माझे. मी मांस शिजवत बसायची, बसायची, गॅस जळायचा. आणि स्वतः बाहेर उभं राहून कच्चंपक्कं चापायचा."

"आई, ते तसे नव्हते."

"तुला काय माहीत? पुरुषाचं पोट बायकोला कळत नाही, मुलीला काय कळणार." तिने परातीला उगाच दुसऱ्यांदा राख लावली. "मेल्याचं दुःख होतं ना, ते तरी नीट करू द्यायचं होतं. तेही नासवून गेला."

मी हातातलं फडकं घडी केलं. घडी उलगडली. आत्ता, असं मला वाटलं. आणि मी विचारलं, "उद्या भाजी काय आणू?"

महिन्याने टेम्पोवाला परत आला. डुकरं काकांच्याच अंगणात जमवली. दांडका आता काकांकडे होता, आईनेच दिला. तिने तो मधल्या भिंतीवरून पलीकडे टाकला होता, आणि काकांनी उचलून धुऊन ठेवला होता. त्या दिवशी मी शाळेत जायला निघाले होते, पिशवी खांद्याला होती. आई दारात उभी होती, कारण आमची उरलेली दोन डुकरंही द्यायची होती. तिला घरात डुक्कर नको होतं.

काका डोळे मिटत नव्हते. जबड्यात दांडका घालायचे, जीभ अर्धी ओढायचे, वरच्या वर बोट लावायचे.

"पास."

दुसरं. "पास."

तिसरं शेजारच्या घरचं होतं, आणि ते खाली पाडलं तेव्हा मी अगदी जवळ उभी होते. जीभ बाजूला झाली तेव्हा उजेड तिच्याखाली गेला. चार दाणे मला स्पष्ट दिसले. काकांनाही दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.

"काका, दाणे आहेत."

"कसले दाणे? फोड आहे तो." मग इतरांकडे वळून, "आता हिच्याही बोटाला परीक्षा घ्यायचीय."

"असू दे हो," शेजारी म्हणाला. "दाण्यांचं एवढं काय. दाणे बघत बघत गेले ना मास्तर? काय उपयोग झाला?"

"उपयोग झाला की," दुसरा कुणी म्हणाला. "पोटभर झाला."

लोक हसले. फार मोठ्याने नाही, आम्ही तिथेच होतो. टेम्पोवाला दोरी सोडवत होता. तो वाईट माणूस नव्हता, बाबांशी त्याचं जमायचं, दवाखान्यात केळी घेऊन आला होता. पण त्याच्यावरही वाटा पोचवल्याचा आळ होता आणि त्याला तो झटकायचा होता.

"मी एक तुकडा दिलेला नाही मास्तरांना," तो म्हणाला. "कुठे खात होते देव जाणे. सगळ्यांना नापास करून शेवटी मास्तरच नापास निघाले."

या वेळी ते मोकळेपणाने हसले. काकाही हसले. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती आत निघून जाईल, किंवा शिव्या देईल. तिला चांगल्या येतात. ती पायरी उतरून अंगणात आली. दोन डुकरांच्या दोऱ्या तिच्या हातात होत्या.

"हो," ती म्हणाली. "नापासच होता. घेऊन जा ही पण."

हसणं थांबलं. काकांनी मान खाली घातली. तिने दोऱ्या टेम्पोवाल्यापुढे धरल्या आणि त्याने त्या लगेच घेतल्या नाहीत. खाली पडलेलं डुक्कर धापा टाकत होतं, तोंडातला दांडका तसाच, जीभ एका बाजूला आणि तिच्याखाली ते चार दाणे.

मी पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. मला आठवलं की या अंगणात बाबांनी आपल्याच घरचं नाव घेताना आवाज बदलला नव्हता. मला तसं येत नव्हतं. माझा आवाज पहिल्या शब्दाला फाटला आणि परत सुरुवात करावी लागली.

"आई, बाबांनी नाही खाल्लं. कधीच नाही. मी खाल्लं. शहरात, त्यांना हो म्हणून. किडा माझ्या पोटात होता, चार वर्षं, आणि मला माहीत होतं. तुमच्या डुकरांचे दाणे माझे आहेत, काका. बाबांच्या डोक्यातलेही माझेच. त्यांची काकडी रोज मी चिरत होते."